पक्कड, गुडघा आणि मोबाइलमधली दाढ

पारोळ्याच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी 9 वर्षांची आहे. उजवीकडची खालची दाढ किडलीय, रात्री गाल धरून रडते. पण मोबाइलवर दात उपटायचे रील पाहून पाहून तिनं धसका घेतलाय. 'मरेन पण डॉक्टरकडे जाणार नाही' म्हणते. तिचे पप्पाही दोन वर्षं एकाच बाजूनं जेवताहेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, 'सिनेमात पाहिलंय मी, काय करतात ते.' टीव्ही-मोबाइलमुळे खरंच एवढी भीती बसते का? आणि आता करायचं काय?

ताई, वाचायच्या आधी मुलीला उजेडात घेऊन बसा. गालावर किंवा जबड्याखाली सूज आहे का, ताप आहे का, तोंड उघडताना अडकतंय का, ते बघा. यातलं काही असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टर गाठा. गिळता येत नसेल किंवा श्वास जड जात असेल तर दाताच्या दवाखान्यातही वेळ घालवू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या. असं काही नसेल तर आपल्या हातात दोन-चार दिवस आहेत. तेवढ्यात भीतीचं बरंच काम होतं. तोवर दुखऱ्या दाढेपाशी गोळी दाबून ठेवायला सांगू नका. तिथली हिरडी भाजते, पांढरा चट्टा पडतो आणि मग एकाचे दोन त्रास होतात. बाहेरून शेकही देऊ नका.

आता तुमचा प्रश्न. अमळनेरला दवाखाना टाकून मला 25 वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच त्याच्या डोक्यात एक दाताचा डॉक्टर बसलेला असतो. तो आला कुठून, हे विचारल्याशिवाय मी औजाराला हात लावत नाही.

जगभर या विषयाची चर्चा निघाली की 1976 च्या 'मॅरेथॉन मॅन' या सिनेमाचं नाव हमखास येतं. लॉरेन्स ऑलिव्हिएनं रंगवलेला नाझी दंतवैद्य खुर्चीला बांधलेल्या डस्टिन हॉफमनला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि शेवटी भूल न देता त्याच्या चांगल्या दाताला ड्रिल लावतो. पण खरं सांगू का, माझ्या पेशंटांपैकी कुणी तो पाहिल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडच्या लोकांच्या डोक्यात वेगळाच माणूस आहे. तो हिंदी विनोदी सिनेमांतून आणि टीव्हीवरच्या प्रहसनांतून आलाय. त्याच्या हातात सुताराची पक्कड असते, तो पेशंटच्या छातीवर गुडघा रोवतो, घामाघूम होऊन दात ओढतो आणि शेवटी भलताच दात हातात येतो. सगळे हसतात. तुमच्या मालकांनी 'सिनेमात पाहिलंय' म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर हाच माणूस असणार, पैज लावतो.

हा पक्कडवाला मोबाइलच्या फार आधीचा आहे. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. लहानपणी तिथल्या तमाशाच्या तंबूत मी सोंगाड्याला दातवाला झालेलं पाहिलंय. एकजण पाय धरायचा, दुसरा डोकं, आणि सोंगाड्या सांडशी घेऊन नाचायचा. मी पोट धरून हसलो होतो. तंबूच्या बाहेर, थोड्याच अंतरावर, खरा दातवाला सतरंजी अंथरून बसायचा. पुढ्यात एक थाळी, थाळीत उपटलेल्या दातांचा ढीग, बाजूला लाल मखमलीवर मांडलेली कवळी. तो दातांचा ढीग हीच त्याची जाहिरात. 'एवढे काढले, तुमचाही काढतो.' त्याच्यापुढे बसलेल्या माणसाभोवती बघ्यांचं कडं पडायचं आणि मी त्या कड्यात पुढे घुसायचो. मला दंतवैद्यकीला जायचं होतं म्हणून नव्हे, तर कुणाचं तरी दुखणं बघायला मिळतंय म्हणून. 1651 मध्ये यान स्टेन या डच चित्रकारानं दात काढणाऱ्याचं चित्र काढलं, त्यातही भोवती बघे आहेत. आजच्या रीलखाली जमणारी गर्दी तीच आहे, फक्त आता तिला धुळीत उभं राहावं लागत नाही.

पण मग दाताचाच डॉक्टर का? मूळव्याधीचं ऑपरेशन काही कमी दुखत नाही, पण त्याचे खलनायक होत नाहीत. माझ्या मते कारण साधं आहे. आमच्या खुर्चीतला माणूस आडवा असतो, शुद्धीत असतो, त्याचं तोंड उघडं असतं आणि म्हणूनच त्याला बोलता येत नाही. डोळ्यावर झगझगीत दिवा. मास्क लावलेला परका माणूस चेहऱ्याच्या वीतभर अंतरावर, हातात काहीतरी टोकदार. सिनेमावाल्याला याच्याहून सोपं काय पाहिजे? कॅमेरा पेशंटच्या डोळ्यांच्या जागी ठेवला की झालं. म्हणजे पडद्यानं ही भीती हवेतून बनवलेली नाही. 'मला थांबवता येणार नाही' ही खरी, रास्त भीती उचलली आणि तिच्यावर रंग चढवला. हे लक्षात ठेवा, कारण उपाय याच धाग्यावर आहे.

रंग चढवताना एक गोष्ट मात्र ते कापून टाकतात. थांबणं.

खालची दाढ बधिर करायला आम्ही जबड्याच्या मागच्या बाजूला नसेजवळ भूल देतो. त्यातलं औषध लिग्नोकेन. 1943 मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेननं ते बनवलं आणि दंतवैद्यकी बदलून गेली. सुई देण्याआधी हिरडीवर फवारा किंवा जेल लावतो, सुई केसासारखी नसली तरी दंडात टोचतात त्यापेक्षा बारीक असते, आणि औषध मी सावकाश सोडतो, कारण ते भसकन सोडलं तर सुईपेक्षा औषधाचाच ताण दुखतो. मग आम्ही बसून राहतो. तीन मिनिटं, पाच मिनिटं, कधी दहा. मी विचारतो, 'ओठ जाड झाला का?' पेशंट ओठाला हात लावून बघतो. 'अर्धा.' अजून थांबतो. या वेळात मी कापसाचा भाव विचारतो, मुलीचं लग्न जमलं का विचारतो. त्या बाजूचा ओठ पार मधोमधपर्यंत जाड वाटायला लागला की दाढेभोवती टोचून बघतो: दाब कळतो, दुखत नाही. मगच पुढे. पडद्यावर हे कधी पाहिलंय? तिथं एवढी मोठी सिरिंज, टोकातून कारंजं, आणि पुढच्या क्षणाला पक्कड. सिनेमाला दहा मिनिटं गप्प बसणं परवडत नाही. रीलला तर दहा सेकंदही नाही. त्यामुळे कोट्यवधी लोकांनी दात निघताना पाहिलाय, पण बधिर होताना पाहिलेला नाही. मुलांना वाटतं, समोरचा माणूस ओरडत नाही म्हणजे तो शूर आहे. त्याला काही कळतच नाहीये, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आवाजाचंही तसंच. कर्र कर्र करत हाडात घुसणारा जो आवाज पडद्यावर ऐकू येतो, तो जुन्या, सावकाश फिरणाऱ्या मशीनचा. 1957 मध्ये जॉन बोर्डननं हवेवर चालणारा एअरोटर आणला, तेव्हापासून मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेणारं टोक दाताला फुंकर घातल्यासारखं लागतं, सोबत पाण्याचा फवारा असतो. त्याचा आवाज बारीक शिट्टीसारखा. तो कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण त्यात ती गदगद नाही. आज आवाजानं घाबरणारी कितीतरी माणसं दवाखान्यात कधी न ऐकलेल्या आवाजाला घाबरत असतात.

नुसत्या चित्रानं एवढी भीती बसते का, असं तुम्ही विचारलंय. 1977 मध्ये स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञानं भीती बसण्याच्या तीन वाटा सांगितल्या: स्वतःला लागलं म्हणून, दुसऱ्याला लागताना पाहिलं म्हणून, आणि कुणी सांगितलं म्हणून. रील ही दुसरी वाट. पण माझा अनुभव विचाराल तर, दुसऱ्या वाटेनं आलेली भीती फार काळ टिकत नाही, जर पहिल्या वाटेनं तिला पुष्टी मिळाली नाही. आणि आपल्याकडे गोम इथंच आहे. पुष्टी मिळते, कारण आपण उशिरा जातो.

कसं ते सांगतो. दाढेत बारीक काळा ठिपका असतो तेव्हा सिमेंट भरायला वीस मिनिटं लागतात आणि बहुतेकदा भूलही लागत नाही. पण पक्कडवाला आठवतो, माणूस येत नाही. म्हणतो, कापूस विकला की बघू. मग केळीचे पैसे आले की बघू. मग पू होतो, सूज येते, रात्र निघत नाही, आणि तेव्हा तो येतो. आता पू झालेल्या जागी मांस आंबट झालेलं असतं, म्हणजे आम्लता वाढलेली असते. भुलीच्या औषधाला नसेत शिरायचं तर ही आम्लता आड येते, निम्मंअधिक औषध बाहेरच राहतं. त्यात माणूस दोन रात्री जागा, छाती धडधडतेय, अंग आक्रसलंय. तेच टोचणं त्याला एरवीपेक्षा जास्त कळतं. मग भूल पूर्ण चढत नाही, त्याला दुखतं, आणि तो गावात जाऊन सांगतो: 'सिनेमात दाखवतात ते खोटं नाही बरं का.' एका माणसानं पारावर सांगितलेली गोष्ट दहा रीलना भारी पडते. म्हणूनच सूज असेल तर आम्ही बऱ्याचदा आधी पू काढून, औषध देऊन, ती उतरवतो. लोकांना वाटतं डॉक्टर फेऱ्या मारायला लावतोय.

टीव्हीची एक गंमत सांगतो. काही वर्षांपूर्वी सात-आठ वर्षांचा एक मुलगा आला. खुर्चीत छान बसला, तोंड उघडलं. मी ट्रे ओढला तसा तो आ मिटून माझ्या पायांकडे बघायला लागला. म्हटलं काय रे? तर म्हणाला, 'सुई तुमच्या पायात घुसली तर माझा दात कोण करणार?' त्यानं मिस्टर बीनचा तो भाग पाहिला होता. 1992 मध्ये पहिल्यांदा दाखवलेला, आपल्याकडच्या पोरांनी टीव्हीवर हजारदा पाहिलेला. त्यात भुलीची सुई डॉक्टरच्याच पायात जाते, तो आडवा होतो आणि बीन स्वतःच आपले दात कोरून भरायला लागतो. मुलगा घाबरला नव्हता, त्याला खरोखर काळजी होती. मी सिरिंज त्याला दाखवली, झाकण लावून ट्रेच्या त्या टोकाला ठेवली आणि सांगितलं, 'माझा पाय इथं, सुई तिथं. मी पडलो तर माझ्या कंपाउंडरला हाक मार.' त्यावर त्याचं समाधान झालं. सांगायचं कारण, मुलांची भीती बऱ्याचदा अशी अगदी ठरावीक असते. एका चित्राची. ते चित्र कुठलं हे कळलं की अर्धं काम होतं. 'घाबरू नको' म्हणून ते कळत नाही. विचारावं लागतं: 'तुला काय होईल असं वाटतं?'

आता माझीच एक चूक. दवाखान्यातल्या बाकांसमोर मी मोठ्या हौसेनं टीव्ही लावला होता. इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताच्या, कंपनीनं दिलेली चित्रफीत चालू असायची: गुलाबी हिरडी, पांढरं हाड, त्यात चकचकीत स्क्रू गरागरा फिरत आत जातोय. मला वाटायचं, लोकांना माहिती मिळतेय. एका दुपारी बहादरपूरकडचे एक आबा आले होते, खालची दाढ हलत होती, पाच मिनिटांचं काम. त्यांचा नंबर पुकारला तर बाक रिकामं. चपला घालून निघून गेले होते. आठ महिन्यांनी सुजलेला जबडा घेऊन परत आले. म्हटलं, आबा, त्या दिवशी का गेलात? तर म्हणाले, 'टीव्हीमा खिळा ठोकतांना दखं नि मना जीवच उडी गया.' आठ महिने त्यांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, माझ्या टीव्हीमुळे. आता तिथं क्रिकेट असतं. नाहीतर बंद.

म्हणून रीलचा सगळा दोष मी मुलांवर किंवा पालकांवर टाकत नाही. ते रील बनवतं कोण? बरेचसे आमच्याच व्यवसायातले. दाढ निघतानाचा 'टक' आवाज, दातांवरचा पिवळा थर तुटून पडताना, रक्तानं भरलेला कापूस. त्याला लाखो लोक बघतात, आणि डॉक्टरला वाटतं आपली प्रसिद्धी झाली. आपल्या गल्लीतला पेशंट ते बघून घरी बसतो, हे कुणी मोजत नाही. दुसरा एक प्रकार तर सरळ फसवणुकीचा. बियांची धुरी तोंडात घ्यायला लावून 'दातातली कीड बाहेर काढताना' दाखवतात. पाण्यात पांढरे बारीक किडे तरंगताना दिसतात. दातात किडे नसतात. साखरेवर जगणारे जंतू आम्ल बनवतात आणि दात विरघळत जातो. ते जंतू डोळ्याला दिसतही नाहीत. पूर्वी बाजारात बायका हा खेळ करायच्या, आता मोबाइलवर होतो. त्यावर विश्वास बसलेलं मूल दवाखान्यात यायला घाबरतं ते वेगळ्याच कारणानं: त्याला वाटतं, डॉक्टर तोंडातून वळवळता किडा बाहेर काढेल. काळ्या बुरशीचंही तसंच झालं होतं. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर वरचा जबडा काढलेल्या पेशंटांचे फोटो दिवसरात्र बातम्यांत होते. आजार खरा होता, भयंकर होता. पण नुसती हिरडी सुजलेली माणसं वर्षभर माझ्याकडे यायला धजत नव्हती, की डॉक्टर 'बुरशी आहे' म्हणेल.

यावरून तुमच्या मालकांकडे येतो, ताई. तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारतो: ते पुडी खातात का? कारण दोन-दोन वर्षं एका बाजूनं जेवणारा पुरुष माझ्याकडे येतो तेव्हा, पक्कडवाल्याचं नाव तो पुढे करतो, पण आतली भीती बऱ्याचदा दुसरीच निघते. सिनेमा सुरू व्हायच्या आधी लागायची ती जाहिरात आठवते ना, 'माझं नाव मुकेश' म्हणणाऱ्या तरुणाची? तो आपल्या भुसावळचा. 2009 मध्ये वयाच्या 24 व्या वर्षी तोंडाच्या कर्करोगानं गेला. ती जाहिरात दाखवायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माझ्या खुर्चीवरून तिचा दुसरा परिणामही दिसला. काही माणसांनी पुडी सोडली. काहींनी पुडी चालू ठेवली आणि आरसा सोडला. तोंड दाखवायचंच नाही, म्हणजे कुणी काही सांगणार नाही. आपल्या राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. तेव्हा हे दुसऱ्या गटातले लोक अजून भरपूर आहेत.

याचा एक जुना प्रयोग आहे, आणि तो नेमका दातांवरच झालाय. 1953 मध्ये अर्विंग जॅनिस आणि सीमोर फेशबाख या दोघांनी अमेरिकेतल्या एका हायस्कूलच्या मुलांना दात घासण्यावर व्याख्यानं दिली. एका गटाला सडलेल्या हिरड्यांची भीषण चित्रं दाखवून, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला साधं, शांतपणे समजावून. घाबरलेल्या गटानं व्याख्यान सगळ्यात जास्त लक्ष देऊन ऐकलं. पण आठवड्यानं बघितलं तर सांगितल्याप्रमाणे वागण्यात झालेला निव्वळ फरक शांत गटात 36 टक्के, मध्यम गटात 22 आणि सगळ्यात घाबरवलेल्या गटात 8 टक्के निघाला. नंतरच्या संशोधकांनी यात एक पाचर मारली, जी मला पटते: भीती दाखवायला हरकत नाही, पण तिच्याबरोबर आत्ता, हातात असलेला सोपा उपाय द्यावा लागतो. नाहीतर माणूस धोक्यापासून पळायचं सोडून भीतीपासूनच पळतो.

तर मालकांना 'कॅन्सर होईल' म्हणून दामटू नका. त्यांना एक सोपी चाचणी सांगा: आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसवून बघा. बसली तर बरं. दोनच बसत असतील, तिखट झोंबत असेल, किंवा तोंडात एखादा पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर दाखवायचं. आणि एवढं कबूल करून घ्या की पहिल्या दिवशी डॉक्टर फक्त बघणार, हात लावणार नाही. माझ्याकडे असे किती तरी पुरुष 'बायकोला सोबत आलो' म्हणून येतात. मी त्यांनाही उठवून खुर्चीत बसवतो. तुम्ही मुलीला घेऊन या, त्यांना गाडी चालवायला सांगा.

आता मुलीबद्दल. 9 व्या वर्षी खालची किडलेली दाढ कुठली आहे, यावर बरंच अवलंबून आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते. कुठलाही दात न पडता ती गुपचूप येते, म्हणून घरोघरी तिला दुधाचीच समजतात आणि 'पडेल आपोआप' म्हणतात. ती कायमची असते. ती गेली तर पुन्हा येत नाही. तिच्या पुढची दुधाची दाढ असेल तर तीही 10 ते 12 व्या वर्षापर्यंत लागते, खायलाही आणि खालच्या दाताची जागा राखायलाही. तेव्हा 'उपटायचीच आहे' असं धरून चालू नका, मुलीशी तसं बोलू तर मुळीच नका. ती रीलमध्ये जे पाहतेय ते तिच्या बाबतीत होणारच नाही, ही शक्यता मोठी आहे. बहुतेक वेळा कीड काढून भरणं, नाहीतर मुलांची रूट कॅनॉल आणि वर टोपी, एवढ्यावर भागतं.

आणि एक गोष्ट विचारतो, रागावू नका. 'गप बस, नाहीतर डॉक्टरकडे नेऊन सुई देईन' हे घरात कधी बोललं गेलंय का? आपल्याकडे प्रत्येक आजी बोलते, माझी आईही बोलायची. रॅकमनची ती तिसरी वाट. मला वाटतं, टीव्ही आणि मोबाइल मिळून जेवढी भीती पेरत नसतील तेवढी हे एक वाक्य पेरतं, कारण ते मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे ती माणसं बोलतात. वर 'सगळ्या वरच्या दाढा डोळ्याला जोडलेल्या असतात' हेही आजीचंच. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. दाढ काढल्यानं नजर जात नाही.

मोबाइल तिच्या हातातून हिसकावून घेतलात तर ती चित्रं डोक्यातून जाणार नाहीत, उलट ती जास्त खरी वाटतील. एकदा तिच्या शेजारी बसून तो रील बघा. मग विचारा, 'हा माणूस ओरडत का नाहीये?' तिला विचार करू द्या. मग तुमचा ओठ चिमटीत धरून दाखवा आणि सांगा की औषधानं तो एवढा जाड लागतो, भात खाल्ला तरी कळत नाही. 'अजिबात दुखणार नाही' असं वचन देऊ नका. सुईचं मुंगी चावल्यासारखं लागेल, ते तिला कळणारच, आणि मग तुमची बाकीची सगळी वाक्यं खोटी ठरतील. 'थोडं टोचेल, मी दहा मोजेन' हे चालतं.

पहिल्या भेटीत काही करून घ्यायचं नाही. सकाळी या, पोट भरलेलं असू द्या. 1959 पासून मुलांच्या दंतवैद्यकीत एक पद्धत चालत आलीय: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं. मी आधी तिच्या नखावर पाण्याचा फवारा मारतो, मग फिरणारा रबराचा कप नखावर लावतो, मग एका दाताला. आरसा तिच्या हातात. आणि आधी सांगितलेला तो धागा, 'मला थांबवता येणार नाही' हा, त्यासाठी आम्ही एक करार करतो: डावा हात वर केला की मी थांबतो. कारण विचारत नाही, चिडत नाही. बहुतेक मुलं पहिल्या पाच मिनिटांत तीनदा हात वर करतात. दुखत नसतं, मी खरंच थांबतो का हे बघायचं असतं. मी तिन्ही वेळा थांबतो. चौथ्यांदा हात वर येत नाही. मोठ्या माणसांनाही मी हेच सांगतो. एक पोलीस हवालदार आहेत, पंचावन्नच्या आसपास वय, ते अजूनही एकदा हात वर करून खात्री करून घेतात.

तुमच्या डॉक्टरांनी थांबण्याचा करार करायला नकार दिला, किंवा मुलीला दोघा-तिघांनी धरून ठेवायचं म्हटलं, आणि सूज-ताप असं तातडीचं काही नसेल, तर डॉक्टर बदला. धरून केलेलं काम एकदाच उरकतं, पण पुढची वीस वर्षं ते मूल पक्कडवाल्याच्या ताब्यात जातं. फारच घाबरलेल्या मुलांसाठी मोठ्या शहरांत नाकावाटे गॅस देऊन किंवा पूर्ण भूल देऊन काम करतात. बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही.

आणि मोबाइलच वापरायचा तर असा वापरा. 1975 मध्ये अमेरिकेत बार्बरा मेलामेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना उपचारापूर्वी एक छोटी फिल्म दाखवली. त्यात त्यांच्याच वयाचं एक मूल आधी जरा बिचकतं, मग नीट बसून दात करून घेतं. ती फिल्म पाहिलेल्या मुलांनी खुर्चीत कमी त्रास दिला. यात महत्त्वाचं काय, तर फिल्ममधलं मूल शूर नव्हतं. ते बिचकत होतं, आणि तरी निभावून गेलं. तुमच्या नात्यात किंवा शेजारी मुलीच्या वयाचं कुणी असेल, ज्याचा दात हल्ली भरलाय, तर त्याला घरी बोलवा आणि दोघांना एकत्र बसू द्या. असं कुणी नसेल तर तिची मोठी बहीण किंवा मामेभाऊ दवाखान्यात नुसता दात तपासून घेईल, तेवढं मोबाइलवर टिपा: खुर्ची वर जाताना, तो आरशात स्वतःच्या दाढा बघताना, हात वर करून डॉक्टरला थांबवताना. रक्त नाही, पक्कड नाही, पार्श्वसंगीत नाही. रात्री झोपताना तेच तिला दोन-तीनदा दाखवा. आणि ज्या दिवशी तिचा नंबर येईल त्या दिवशी तिचंही असंच टिपून घ्या, तिची परवानगी घेऊन. पप्पांना दाखवायला लागेल.